खातं बंद, कारण सांगणार नाही : खाजगी कंपनीला एवढा हक्क असावा का?

सांजवारा (धागाकर्ती) | सोमवार, रात्री १०:२०

गेले अकरा दिवस डोक्यात हा एकच विषय आहे, म्हणून इथे मांडते. लांबेल थोडं, सांभाळून घ्या.

मी आणि आणखी सहा जणी दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तकं आणि अभ्यासाचं साहित्य वाचून ध्वनिमुद्रित करतो. सहा वर्षांचं काम आहे. सगळ्या फायली एका मोठ्या कंपनीच्या क्लाउडवर, माझ्या नावच्या खात्यात होत्या. फुकटची जागा नव्हती, दरवर्षी पैसे भरत होते. अकरा दिवसांपूर्वी सकाळी लॉगिन करायला गेले तर एक ओळ दिसली: धोरणांचं गंभीर उल्लंघन झाल्यामुळे खातं बंद केलं आहे. कुठलं धोरण, कुठली फाइल, कोणी तक्रार केली, काहीही नाही. खाली अपिलाचा फॉर्म होता. भरला. चाळीस मिनिटांत उत्तर आलं की निर्णय कायम आहे आणि यापुढे या विषयावर पत्रव्यवहार होणार नाही. चौदाशेच्या आसपास फायली चाळीस मिनिटांत कोणी ऐकल्या असतील असं मला वाटत नाही.

मेलही त्याच खात्याचा होता. त्यामुळे इतर ठिकाणी पासवर्ड बदलायला गेले की कोड त्या बंद मेलवर जातो. एक कडी निसटली आणि तिला बांधलेलं सगळंच निसटलं.

ज्यांना ज्यांना सांगितलं त्यातल्या तिघांनी तेच वाक्य ऐकवलं: "खाजगी कंपनी आहे, कोणाला सेवा द्यायची हा तिचा प्रश्न." वाक्य चूक आहे असं मला म्हणता येत नाही, पण ते पटतही नाही. दुकानदारानं दारातून परत पाठवणं आणि आत ठेवलेलं माझं सामान कुलपात टाकून किल्ली फेकून देणं, या दोन्हीला "सेवा नाकारणं" हाच शब्द कसा पुरेल? तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणाने लिहा.

उंबरठा | सोमवार, रात्री ११:०५

सांजवारा, वाचून वाईट वाटलं. पण ते वाक्य बोलणाऱ्यांच्या बाजूने मी उभा राहतो, कारण त्यामागे विचार आहे आणि तो मांडला जायला हवा.

नकाराचा हक्क नसता तर आज आपण वापरतो तशी एकही जागा उरली नसती. १९९०च्या दशकात अमेरिकेत दोन खटले झाले. कॉम्प्युसर्व्ह ही सेवा लोकांचा मजकूर तपासत नव्हती. १९९१मध्ये कोर्टाने तिला बदनामीच्या दाव्यातून सोडलं. प्रॉडिजी ही सेवा घाण मजकूर काढून टाकायची. १९९५मध्ये दुसऱ्या कोर्टाने म्हटलं की तुम्ही निवड करता, म्हणजे तुम्ही प्रकाशक, म्हणून जबाबदार. झाडलोट करणाऱ्याला शिक्षा आणि न करणाऱ्याला माफी असा तो उलटा न्याय होता. तो सरळ करायला १९९६मध्ये कलम २३० आलं. त्यात दोन गोष्टी आहेत. लोकांनी लिहिलेल्याबद्दल सेवा देणाऱ्याला प्रकाशक धरायचं नाही, आणि आक्षेपार्ह वाटलेला मजकूर त्याने सद्भावनेने काढला तर त्याबद्दलही त्याला खेचायचं नाही.

फ्लोरिडा आणि टेक्सास या राज्यांनी २०२१मध्ये कायदे करून मोठ्या प्लॅटफॉर्मांना "हे काढता येणार नाही" असं सांगायचा प्रयत्न केला. तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. जुलै २०२४मध्ये दोन्ही खटले खालच्या कोर्टांकडे परत पाठवताना बहुमताने म्हटलं की फीडमध्ये काय ठेवायचं आणि काय नाही ही निवड स्वतःच अभिव्यक्ती आहे. संपादकाला अमुक छापाच असं सरकार सांगू शकत नाही, तसंच हे.

मला भीती वाटते ती याची : आज तुमच्या न्याय्य रागापोटी आपण "कंपनीला नकार देता येऊ नये" असा नियम मागू, आणि उद्या त्याच नियमाच्या आडून एखाद्या बाईला दिवसरात्र धमक्या देणारी टोळी म्हणेल, आम्हालाही काढता येणार नाही.

ताम्हण | मंगळवार, सकाळी ७:५०

उंबरठा यांनी मांडलेला कायदा बरोबर आहे. त्याला एक मागची बाजू आहे, ती जोडतो.

"माझा धंदा, मला वाटेल त्याला देईन" हा नियम कधीच सरसकट नव्हता. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात सराईवाला, मालवाहक, नावाडी यांना वेगळं काढलेलं आहे. खोली रिकामी असेल, माणूस नीट वागत असेल, पैसे द्यायला तयार असेल, तर सराईवाल्याला त्याला दारातून हाकलता येत नसे. वाटेत रात्र झालेल्या माणसाला दुसरा पर्याय नसतो, आणि सराईवाल्याने आपलं दार सगळ्यांसाठी उघडं आहे असं आधीच जाहीर केलेलं असतं. तार आणि टेलिफोन कंपन्यांनाही पुढे हाच न्याय लागला. तुमचं बोलणं आवडलं नाही म्हणून टेलिफोन कंपनी लाइन कापत नाही.

मालमत्तेचा मुद्दाही एकदा तपासला गेला आहे. अमेरिकेतल्या १९४६च्या मार्श विरुद्ध अलाबामा या खटल्यात अख्खं गाव एका जहाजबांधणी कंपनीच्या मालकीचं होतं, रस्ते आणि पदपथसुद्धा. तिथे धार्मिक पत्रकं वाटणाऱ्या बाईंना घुसखोर ठरवलं गेलं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं की मालक जितकी आपली जागा लोकांच्या वापरासाठी खुली करतो, तितका त्याचा हक्क वापरणाऱ्यांच्या घटनात्मक हक्कांनी आवळला जातो.

हा निकाल इंटरनेटला लावायचा प्रयत्न झाला, पण टिकला नाही. यूट्यूबवरच्या खटल्यात २०२०मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की लोकांना जागा दिली म्हणून खाजगी कंपनी सरकार होत नाही. म्हणजे न्यायालयं समाजमाध्यमांना आधुनिक चौक म्हणतात (२०१७चा पॅकिंगहॅम निकाल), पण तो चौक ज्याच्या मालकीचा आहे त्याला चौकाचे नियम लावत नाहीत. ही फट मला गेली अनेक वर्षं खटकते आहे.

गणकयंत्र | मंगळवार, दुपारी १:१५

आपण सगळे "कंपनी" हा एकच शब्द वापरतोय, पण इंटरनेट थरांचं आहे. सगळ्यात वर समाजमाध्यमं, त्याखाली ॲपची दुकानं, त्याखाली होस्टिंग आणि क्लाउड, मग हल्ल्यांपासून वाचवणाऱ्या सेवा, डोमेनची नोंदणी, आणि तळाशी तुमच्या घरापर्यंत येणारी जोडणी. वरच्या थरावर नकार मिळाला तर माणूस दुसरीकडे जाऊन बोलतो. खालच्या थरावर मिळाला तर तो इंटरनेटवरून नाहीसा होतो.

ऑगस्ट २०१७ आठवा. अमेरिकेत शार्लट्सव्हिलला गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या मोर्चाला विरोध करणाऱ्या एका तरुणीला गाडीखाली चिरडून मारलं गेलं आणि डेली स्टॉर्मर या नव-नाझी साइटने तिची कुचेष्टा करणारा लेख छापला. आधी डोमेन नोंदवणाऱ्या गोडॅडीने डोमेन हलवा म्हणून सांगितलं, ते गूगलकडे नेलं तर गूगलने त्याच दिवशी नोंदणी रद्द केली. मग हल्ल्यांपासून वाचवणाऱ्या क्लाउडफ्लेअरने संरक्षण काढलं, आणि त्या प्रकारच्या साइटला संरक्षण नसेल तर ती हल्ल्यात काही मिनिटांत कोसळते. त्या कंपनीचे प्रमुख मॅथ्यू प्रिन्स यांनी स्वतःच कर्मचाऱ्यांना लिहिलं की मी सकाळी वाईट मनःस्थितीत उठलो आणि यांना इंटरनेटवर राहू द्यायचं नाही असं ठरवलं, आणि एवढी सत्ता कोणाच्याच हाती असता कामा नये. सत्ता वापरणाऱ्यानेच हे म्हटलंय. २०१९मध्ये एल पासोच्या गोळीबारानंतर एटचॅन आणि २०२२मध्ये किवी फार्म्स या मंचांचंही संरक्षण त्यांनी काढलं. दर वेळी आधी "आम्ही निर्णय घेणारे कोण" आणि मग निर्णय.

जानेवारी २०२१मध्ये पार्लर या समाजमाध्यमाचं ॲप दोन्ही मोठ्या दुकानांतून गेलं आणि ॲमेझॉनने सर्व्हर बंद केले. परत उभं राहायला महिन्याहून जास्त लागला. माझं त्या लोकांशी काही देणंघेणं नाही. पण मी सर्व्हर सांभाळतो आणि तीन कंपन्या मिळून एक जागा पुसू शकतात हे बघून मला झोप लागली नव्हती.

सांजवाराताईंचं प्रकरण होस्टिंगच्या थरातलं आहे. त्यांच्या फायली कोणाच्या फीडमध्ये दिसत नव्हत्या, कंपनीच्या नावाने प्रकाशित होत नव्हत्या. तिथे संपादकाच्या हक्काचा युक्तिवाद मला लागू वाटत नाही.

उंबरठा | मंगळवार, दुपारी २:४०

गणकयंत्र, थरांचा मुद्दा मान्य. पण मग थेट विचारतो. त्या मृत मुलीच्या आईला तुम्ही काय सांगाल? क्लाउडफ्लेअरच्या कर्मचाऱ्याने रोज कामावर येऊन त्या साइटला ढाल पुरवत राहायची, कारण थर खालचा आहे? नकार हा विवेकाचाही भाग असतो. तो कायद्याने काढून घेणं मला क्रूर वाटतं.

गणकयंत्र | मंगळवार, सायंकाळी ६:३०

दुपारपासून या प्रश्नावर विचार करतोय. प्रामाणिक उत्तर हे की मीही त्या साइटला ढाल पुरवली नसती. पण मी ती काढताना लेखी नियमावर बोट ठेवलं असतं, आणि तोच नियम उद्या माझ्या आवडत्या साइटलाही लागेल असं जाहीर केलं असतं. विवेक आणि लहर यांत बाहेरून फरक करायचा तर दुसरा मार्ग मला दिसत नाही.

रानवाटा | मंगळवार, रात्री ९:००

या चर्चेत एक गोष्ट राहते आहे. कंपनीचा नकार खरोखर कंपनीचाच असतो का?

नोव्हेंबर २०१०ची अखेर. गुप्त कागदपत्रं उघड करणाऱ्या विकिलीक्स या साइटने अमेरिकी दूतावासांचे गोपनीय संदेश छापायला सुरुवात केली. काही दिवसांत ॲमेझॉनने सर्व्हर काढले, पेपॅल, मास्टरकार्ड आणि व्हिसा यांनी देणग्या अडवल्या. तोपर्यंत कुठल्याही कोर्टाने त्यांना दोषी धरलं नव्हतं. राजकारण्यांनी जाहीर दबाव आणला, आणि जे सरकारला कोर्टात जाऊन सिद्ध करावं लागलं असतं ते खाजगी कंपन्यांच्या अटींनी आठवड्याभरात उरकलं. आइसलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये व्हिसाचं काम बघणाऱ्या तिथल्या वॅलिटॉर कंपनीला तो मार्ग पुन्हा उघडायला लावला, कारण करार असा मोडता येत नाही. साधा कराराचा कायदा, पण त्याने काम केलं.

२०१५मध्ये शिकागो ज्या काउंटीत येतं तिथल्या शेरीफने व्हिसा आणि मास्टरकार्डला पत्रं लिहून बॅकपेज या देहविक्रयाच्याही जाहिराती छापणाऱ्या साइटचे पैसे थांबवले. अपील कोर्टाने ते रोखलं. न्यायाधीश पोस्नर यांनी लिहिलं की सरकारी अधिकाऱ्याने कंपन्यांना धमकावून त्यांच्याकरवी कोणाची गळचेपी करायची नाही. (ती साइट चांगली होती असं माझं अजिबात म्हणणं नाही.) २०२४मध्ये व्हुलो खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तेच सांगितलं. तिथे विमा कंपन्यांवर दबाव होता.

म्हणून "सरकार विरुद्ध खाजगी" अशी सरळ रेघ मला ओढता येत नाही. ज्याला स्वतःच्या हातांनी गळा दाबायची परवानगी नाही, तो खाजगी हात शोधतो. नकाराचा हक्क जितका अमर्याद, तितका तो हात सोयीचा.

सांजवारा | मंगळवार, रात्री ९:४५

रानवाटा, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मला आतापर्यंत कंपनी म्हणजे एक बंद दार एवढंच दिसत होतं.

पैलतीर | बुधवार, सकाळी ११:१०

सांजवाराताई, मी तुमच्या श्रोत्यांपैकी एक. तुम्ही मला ओळखत नाही. स्पर्धा परीक्षेचा इतिहासाचा भाग मी तुमच्या आवाजात तीनदा ऐकला आहे. फायली गेल्याचं इथेच कळलं.

माझा मुद्दा जरा वेगळा आहे. आम्हाला सेवा नाकारली जाते तेव्हा कोणी "नाही" म्हणतसुद्धा नाही. बटणाला नाव दिलेलं नसतं, मग स्क्रीनरीडर नुसतं "बटण, बटण, बटण" म्हणतो. चित्रातली अक्षरं ओळखा म्हणतात आणि आवाजाचा पर्याय ठेवत नाहीत. वेळ संपतो आणि फॉर्म पुन्हा पहिल्यापासून. कोणाच्या मनात आम्हाला रोखायचं नसतं, आणि आम्ही रोखले जातो.

अमेरिकेत दृष्टिहीनांच्या संघटनेने टार्गेट या विक्रीसाखळीवर दावा लावला होता. कंपनीचं म्हणणं, अपंगांसाठीचा कायदा इमारतींना लागू आहे, वेबसाइटला नाही. २००६मध्ये कोर्टाने ते सरसकट मानलं नाही. वेबसाइट दुकानाशी जोडलेली असेल तर कायदा लागू होतो म्हणाले, आणि २००८मध्ये कंपनीने तडजोड केली. काय करायला हवं याचे नियम डब्ल्यूसीएजी या नावाने १९९९पासून लिहून ठेवलेले आहेत, वेळोवेळी सुधारलेही जातात. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ला डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलं. ओळख पटवताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून दाखवा, ही अट आमच्यासाठी आणि ॲसिड हल्ल्यात डोळे गमावलेल्यांसाठी भिंत होती, त्यावरचा तो खटला.

उंबरठा, तुमच्या विवेकाच्या मुद्द्याचा मी आदर करतो. पण माझ्या बाबतीत कुठल्या विवेकाने मला बाहेर ठेवलं? ज्याचं दार सगळ्यांसाठी आहे असं तो म्हणतो, त्याने कडी माझ्याही हाताला लागेल अशी लावावी. एवढं मागणं संपादकाच्या स्वातंत्र्यावर घाला कसं ठरेल?

उंबरठा | बुधवार, सकाळी ११:४०

ठरणार नाही. इथे मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे.

ताम्हण | बुधवार, दुपारी ४:२०

पैलतीर यांनी विषय योग्य जागी आणला. आपण तीन वेगळे नकार एका पिशवीत घातलेत.

पहिला, माणूस कोण आहे म्हणून. जात, धर्म, लिंग, अपंगत्व. याला जवळपास सगळीकडे बंदी आहे. भारतीय राज्यघटनेचं कलम १५(२) तर थेट खाजगी व्यक्तींनाही बांधतं: दुकानांत जाण्यापासून कोणाला धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून अडवायचं नाही. २९ नोव्हेंबर १९४८ला घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी स्पष्ट केलं होतं की इथे "दुकान" म्हणजे नुसता आत जायचा हक्क नाही. अटी मान्य असतील तर सेवा मागता आली पाहिजे, या व्यापक अर्थाने तो शब्द वापरला आहे. ऑनलाइन हा शब्द जन्मायच्या कितीतरी आधीचं हे वाक्य आहे आणि आजच्या वादाला ते नेमकं लागतं.

दुसरा, माणूस काय म्हणतो म्हणून. इथे मामला खरंच अवघड होतो. अमेरिकेतल्या २०२३च्या ३०३ क्रिएटिव्ह खटल्यात वेबसाइट बनवणाऱ्या बाईंना समलिंगी विवाहाच्या साइट बनवायच्या नव्हत्या. सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन असा त्यांच्या बाजूने निकाल दिला, कारण वेबसाइट लिहिणं ही त्यांची अभिव्यक्ती. मतभेद नोंदवणाऱ्या न्यायमूर्तींचं म्हणणं होतं की ही माणसालाच दिलेली नकारघंटा आहे, संदेशाचं फक्त पांघरूण. मला तो मतभेद जास्त पटतो. पण कोणाकडून त्याच्या मनाविरुद्ध शब्द लिहून घेऊ नयेत हेही मला पटतं, आणि ही गाठ मला पूर्ण सुटलेली नाही.

तिसरा, विनाकारण. किंवा कारण असेलही, पण सांगायचं नाही. सांजवाराताईंचा नकार हा. यात ना विवेक दिसतो, ना अभिव्यक्ती. याला संरक्षण का द्यावं, हे मला कोणी समजावून सांगावं.

दीपस्तंभ | बुधवार, रात्री ११:३०

मी प्रयत्न करते. अडीच वर्षं मी अशाच एका कंपनीसाठी मजकूर तपासायचं काम केलं आहे. कुठली ते लिहिणार नाही.

कारण सांगत नाहीत याचं एक खरं कारण आहे. लहान मुलांच्या शोषणाची चित्रं पसरवणारे, फसवणुकीची खाती शेकड्यांनी उघडणारे, हे लोक प्रत्येक उत्तरातून शिकतात. नेमकं काय पकडलं गेलं हे सांगितलं की पुढच्या वेळी तेवढंच बदलून येतात. मी ते रोज पाहिलं आहे. जे मी पाहिलं ते कोणी पाहू नये.

पण यंत्र कसं चुकतं तेही सांगते. २००९पासून फोटोडीएनएसारखी तंत्रं आहेत, ती आधीच ज्ञात असलेल्या चित्राच्या ठशाशी जुळवून बघतात. ती फार क्वचित चुकतात. त्यानंतर आली नवं, कधी न पाहिलेलं चित्र "ओळखणारी" यंत्रं, आणि ती अंदाज करतात. २०२२मध्ये बातमी आली होती : एका बापाने आजारी मुलाचा फोटो डॉक्टरांना दाखवायला काढला, तो आपोआप गूगलच्या साठवणीत गेला, यंत्राने तो शोषणाचा ठरवला. मेल, फोटो, फोन नंबर सगळं गेलं. पोलिसांनी चौकशी करून गुन्हा नाही असं सांगितलं, तरी कंपनीने खातं परत दिलं नाही. कंपनीच्या आत असताना मला हे कळलं असतं तर मी काय करू शकले असते, हा विचार मी अनेक रात्री केला आहे. काहीच नाही, कारण ते बटण माझ्या हातात नव्हतं.

ताई, तुमच्या बाबतीत माझा अंदाज (केवळ अंदाज) असा की आवाजाचा ठसा जुळवणाऱ्या यंत्राने कॉपीराइटचा बावटा दाखवला असेल. एका खात्यातून खूप जण फायली उतरवून घेत असतील तर तो बावटा लवकर लागतो.

सांजवारा | गुरुवार, सकाळी ६:५५

दीपस्तंभ, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. सोपं नसणार.

कॉपीराइटचं म्हणाल तर आमच्याकडे प्रत्येक लेखकाची लेखी परवानगी आहे, आणि काही पुस्तकांची मुदत कधीच संपलेली. शिवाय दृष्टिहीनांसाठी अशा प्रती बनवायला वाट मोकळी करणारा माराकेश करार २०१३मध्ये झाला, २०१६पासून लागू आहे. हे सगळं मी दाखवलं असतं. दाखवायला समोर माणूस नव्हता. हजार अक्षरांच्या चौकटीत कुठल्या आरोपाला उत्तर देतोय हेच माहीत नसताना काय लिहिणार?

ताम्हण | गुरुवार, सकाळी ९:३०

जर्मनीतले दोन निकाल इथे सांगण्यासारखे आहेत, कारण मला वाटतं त्यांनी मधली वाट शोधली.

२०१८मध्ये तिथल्या घटना न्यायालयापुढे एका फुटबॉलप्रेमीचं प्रकरण आलं. त्याला देशभरच्या मैदानांवर बंदी घातली होती. न्यायालय म्हणालं, मैदान खाजगी असलं तरी ते कोणताही भेद न करता सर्वांना खुलं केलेलं आहे, आणि तिथून हाकललं जाणं म्हणजे समाजजीवनातून बाहेर पडणं. म्हणून वस्तुनिष्ठ कारण हवं, आणि शक्य तिथे त्याचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं. गंमत अशी नाही की तो जिंकला. तो हरला, बंदी टिकली. पण नियम उभा राहिला.

जुलै २०२१मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने फेसबुकबद्दल तोच धागा पुढे नेला. कंपनीला कायद्यापेक्षा कडक नियम करता येतील, द्वेषाचा मजकूर काढताही येईल. मात्र मजकूर काढल्यावर निदान नंतर कळवायचं, आणि खातं बंद करायचं असेल तर आधी कळवायचं, कारण द्यायचं, उत्तर ऐकायचं, मग नव्याने ठरवायचं. हे अटींत लिहिलेलं नव्हतं म्हणून फेसबुकच्या त्या अटीच रद्दबातल ठरल्या.

युरोपच्या डिजिटल सेवा कायद्याने, जो १७ फेब्रुवारी २०२४पासून सगळ्यांना लागू झाला, हेच व्यापक केलं. साठवणीची सेवा देणाऱ्या प्रत्येकाला निर्णयामागचं कारण कळवावं लागतं. प्लॅटफॉर्मांना तक्रार ऐकण्याची सोय ठेवावी लागते, आणि तिचा निकाल केवळ यंत्रावर सोपवता येत नाही. त्यावरही समाधान झालं नाही तर कोर्टाबाहेरच्या तटस्थ मंडळाकडे जाता येतं.

उंबरठा | गुरुवार, दुपारी १२:१५

इथपर्यंत मी येऊ शकतो. "सेवा द्यावीच लागेल" याला माझा विरोध कायम आहे. "नाकारताना सांगावं लागेल आणि ऐकावं लागेल" याला नाही. करारातला दुसरा पक्ष माणूस आहे, एवढं मान्य करणं हे मालकी गमावणं नव्हे.

फक्त आकाराचा विचार करा. दोघांनी रात्री जागून चालवलेल्या छोट्या साइटवर तटस्थ मंडळांचा भार टाकला तर ती बंद पडेल आणि मोठ्यांचं आणखी फावेल. युरोपच्या त्या कायद्यातही तक्रार यंत्रणेच्या तरतुदींतून पन्नासपेक्षा कमी माणसांच्या छोट्या उद्योगांना वगळलं आहे, ते योग्य वाटतं.

रानवाटा | गुरुवार, दुपारी १२:५०

आणि तटस्थ मंडळ नेमणार कोण? ते सरकारच्या खिशातलं असेल तर मी मंगळवारी लिहिलेल्या गोष्टीकडेच आपण परत येतो. ज्या देशांत हे होतंय तिथे मंडळाचे सदस्य कोण निवडतं हे पहिलं विचारा, बाकीच्या तरतुदी नंतर वाचा.

गणकयंत्र | गुरुवार, सायंकाळी ७:१०

दीपस्तंभ यांचा मुद्दा (कारण सांगितलं की गुन्हेगार शिकतो) मी गंभीरपणे घेतो. पण त्यावरून "कोणालाच काही सांगायचं नाही" इथवर जाता येत नाही. कुठल्या प्रकारच्या नियमाखाली आणि कुठल्या फाइलसाठी, एवढं सांगितल्याने यंत्राचं गुपित फुटत नाही.

आणि एक गोष्ट कारणाच्याही आधी यायला हवी : सामान परत मिळणं. गुन्ह्याचा संशय असलेली फाइल रोखा, पोलिसांकडे द्या. उरलेल्या हजारो फायली कुठल्या न्यायाने अडवता? भाडेकरूला घर खाली करायला सांगणाऱ्यालाही त्याची भांडी ठेवून घेता येत नाहीत. युरोपच्या २०१८पासूनच्या विदा-संरक्षण कायद्यात आपली माहिती वापरता येईल अशा रूपात परत मागायचा हक्क आहे. खातं बंद झाल्यावर तो हक्क किती सहज वापरता येतो, यावर त्याची खरी परीक्षा आहे. सेवा संपली तरी उतरवून घ्यायला मुदत, हा नियम झाला तर आजच्या निम्म्या दुःखांची धार जाईल असं मला वाटतं.

पैलतीर | गुरुवार, रात्री ८:००

ताई, काही कळलं का पुढे?

सांजवारा | शनिवार, दुपारी ३:३५

कळलं. एका ओळखीच्या वकील बाईंनी कराराचा हवाला देऊन नोटीस पाठवली होती, रानवाटांनी सांगितलेल्या आइसलंडच्या निकालावरून त्यांना ती वाट सुचली. काल मेल आला. खातं परत मिळणार नाही. कारणही नाही. पण "सद्भावना म्हणून" सात दिवसांसाठी उतरवून घ्यायची लिंक दिली आहे.

काल रात्रीपासून उतरवतेय. फायली आहेत. आवाज आहेत, सगळे. नावं मात्र गेली आहेत. पुस्तक, प्रकरण, वाचणारीचं नाव, सगळ्याच्या जागी लांबलचक आकडे आहेत. पैलतीर, तुम्ही तीनदा ऐकलेला इतिहास यात कुठेतरी आहे, कुठे ते मला सांगता येत नाही.

चौदाशे बारा फायली आहेत. प्रत्येक ऐकून ओळखावी लागेल. कोणाला वेळ असेल तर इथे सांगा, पन्नास-पन्नासचे गठ्ठे करून पाठवते. या वेळी तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवणार आहे, आणि एक प्रत घरच्या डिस्कवर.

गणकयंत्र | शनिवार, दुपारी ३:५०

मला दोनशे पाठवा. आणि नावं देण्याची पद्धत आधी ठरवू, मी संध्याकाळपर्यंत एक तक्ता करून देतो. फाइलच्या आतच नाव लिहून ठेवायचं, म्हणजे पुन्हा कोणी बाहेरचं पुसलं तरी आत राहील.

उंबरठा | शनिवार, सायंकाळी ४:०५

पन्नास माझ्याकडे. आज रात्रीच सुरू करतो.

दीपस्तंभ | शनिवार, सायंकाळी ४:४०

माझ्याकडे शंभर. ऐकायचं काम मला येतं.

पैलतीर | शनिवार, सायंकाळी ५:१५

वाचणाऱ्या सातही जणींचे आवाज मला ओळखता येतात. कुठल्या गठ्ठ्यात कोणाचा आवाज आहे ते आधी मी वेगळं करून देतो, मग तुम्हा सगळ्यांचं काम निम्मं होईल. सगळ्याच्या सगळ्या आधी माझ्याकडे पाठवा, ताई.